लेबलाखालचे खाँसाहेब

उल्हासनगरहून एखादी वस्तू आणली म्हटले, की आमच्या भागातली माणसे आधी हसतात आणि मग ती वस्तू उलटी करून पाहतात. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद कल्याण ते कर्जत पट्ट्यात तीन पिढ्या चालत आला आहे. हसणाऱ्यांना एवढेच आठवत नाही, की फाळणीनंतर सिंधमधून नेसत्या वस्त्रांनिशी आलेली माणसे महायुद्धाच्या काळात बांधलेल्या कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत उतरली होती. १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले आणि त्या माणसांनी दोन हातांवर एक शहर उभे केले. वस्तू नकली असेल, पण मेहनत अस्सल होती. असो. सांगायचे ते वेगळेच आहे. याच उल्हासनगरच्या जुन्या बाजारात, शिलाई मशिनांचे सुटे भाग आणि पितळी नळ यांच्या मधोमध, मी गेली तीस वर्षे एका माणसाचा आवाज शोधत आलो आहे. तो माणूस म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

मी राहतो बदलापूरला आणि माझी नोकरी झाली अंबरनाथच्या एका कारखान्यात. तिन्ही गावे लोकलने दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात येतात. त्यामुळे सुटीच्या दिवशी बाजाराची पिशवी घेऊन निघायचे आणि भाजीबरोबर दोन-चार तबकड्या घेऊन परतायचे, हा परिपाठ पडला. घरच्या मंडळींनी त्याला नावे ठेवून झाली, आता त्याही तबकडीवरची धूळ पुसू लागल्या आहेत. रद्दीवाल्यांकडे, भंगारवाल्यांकडे ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या येतात त्या कुणाचे तरी जुने घर पाडले गेले म्हणून. कॅम्पातली बुजुर्ग मंडळी मास्टर चंदर यांच्या सिंधी तबकड्या विचारत येतात, कुणी सैगल मागतो, कुणी बालगंधर्व. करीम खाँसाहेबांना गिऱ्हाईक थोडे, पण जे असते ते हटून बसणारे. आणि जिथे गिऱ्हाईक हटून बसते, तिथे नक्कल आलीच.

पण नकलेकडे वळण्यापूर्वी अस्सल माणसाकडे जाऊ.

खाँसाहेबांचा जन्म १८७२चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. त्या गावावरूनच घराण्याला किराणा हे नाव पडले. वडील काले खाँ आणि घरातले काका-चुलते सारेच गाण्या-वाजवण्यातले. पोर लहानपणापासून गळ्याइतकेच हातानेही तयार झाले. बीन, सारंगी, तबला असे जे समोर येईल ते वाजवायचे. भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर जोडीने गात ते हिंडत हिंडत बडोद्याला पोचले आणि सयाजीराव महाराजांच्या दरबारी गवई झाले. विशी नुकतीच ओलांडलेली, आवाज बारीक, उंच, काहीसा नाकातून येणारा. त्या काळात मर्दानी गाणे म्हणजे घुमणारा, दणकट आवाज अशी समजूत होती. हा आवाज त्या समजुतीत बसणारा नव्हता. तो श्रोत्याच्या अंगावर येत नसे. सूर लागला की तिथे थांबे, त्याच्याभोवती हळूच फिरे आणि ऐकणाऱ्याच्या नकळत आत उतरे.

बडोद्यात सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. सरदारांचे घराणे राजघराण्याशी नात्याने बांधलेले. शिकता शिकता दोघांचे मन जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. सरदारकन्या आणि मुसलमान गवई! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे काय धाडस होते, याची कल्पना आज टीव्हीवर रोज पळून जाणारी जोडपी पाहणाऱ्यांना येणार नाही. दरबाराचे दार बंद झाले ते झालेच. खाँसाहेबांच्या चरित्रांत हा प्रसंग बहुधा एखाद्या रम्य कथेसारखा येतो. मला त्यात ताराबाई अधिक दिसतात. राजवाड्याच्या सावलीत वाढलेली ती मुलगी पुढची वीसेक वर्षे मुंबई, मिरज, पुणे अशी भाड्याच्या घरांतून, शिष्यांच्या पंगती सांभाळत, पाच मुलांना वाढवत राहिली.

मिरज त्यांचे खरे गाव झाले. तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा बसली. दुखण्यातून आपण उठलो ते या दर्ग्यात गाऊन, असे ते मानत, असे सांगतात. शिवाय मिरज म्हणजे तंतुवाद्यांचे गाव. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत सारे ज्ञान एका गल्लीत. खाँसाहेबांचे हात तिथे रमले. तंबोऱ्याची जवारी ते स्वतः काढत, आणि तंबोरा मनासारखा बोलेपर्यंत मैफल सुरू होत नसे. सुराच्या या वेडापायीच ते सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांच्या श्रुतींच्या प्रयोगांत सामील झाले. बावीस श्रुती मोजून दाखवण्याचा तो खटाटोप होता. भातखंडे यांना तो पटला नाही आणि १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावरून बरीच खडाजंगी झाली. वाद कुणी जिंकला हे शास्त्रवाल्यांनी ठरवावे. ज्या कानांवर ते प्रयोग उभे होते, ते कान खाँसाहेबांचे होते, एवढे मात्र खरे.

पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. एका मुसलमान उस्तादाच्या शाळेचे हे नाव! मुले शाळेतच राहत, जेवत आणि शिकत. शिकवणीचे पैसे नसत, शाळेचा खर्च जलशांच्या तिकिटांतून निघे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व होते, शंकरराव सरनाईक होते, बेहरेबुवा होते आणि ज्यांनी पुढे १९७२ साली मराठीत खाँसाहेबांचे भलेथोरले चरित्र लिहिले ते बाळकृष्णबुवा कपिलेश्वरीही होते. याच शाळेच्या दिवसांत टिपू नावाच्या कुत्र्याला त्यांनी सुरात भुंकायला शिकवले होते, अशी गोष्ट सांगतात. गवयांच्या गोष्टी जरा मीठ लावूनच घ्याव्यात हे मला कळते, पण ही गोष्ट मला सोडवत नाही. भोंग्यासमोर बसून मालकाचा आवाज ऐकणाऱ्या कुत्र्याच्या चित्राने ज्या धंद्याची ओळख झाली, त्या धंद्यातला एक थोर गवई आपल्या कुत्र्यालाच गायला लावतो, यात काहीतरी गंमत आहेच!

आता तबकड्यांकडे येऊ. भारतात ग्रामोफोन कंपनीने पहिले मुद्रण केले ते १९०२च्या नोव्हेंबरमध्ये, कलकत्त्यात. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १९०५च्या सुमारास, खाँसाहेबांनी आपली पहिली गाणी कंपनीला दिली. वय तेहतीसच्या आसपास. त्याच वर्षी मिरजेला त्यांच्या घरी एक मुलगी जन्मली, तिची गोष्ट पुढे येईल. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गवयाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून ओरडायचे. त्या आवाजाने एक पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरायची. तीन मिनिटांत राग संपवायचा. ज्या गवयाला नुसता षड्ज लावायला तीन मिनिटे हवीत, त्याची काय अवस्था झाली असेल! कोरलेले मेण बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जाई आणि तिथून तबकड्या छापून परत येत. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत आपले सारे गाणे असे समुद्रापार जाऊन येत होते. त्या तबकड्या एकाच बाजूने वाजतात, पाठ कोरी असते आणि लेबलावर पंखवाला देवदूत बसलेला असतो. कुत्रा नंतर आला.

माझे मत विचाराल तर त्या पहिल्या तबकड्या दुर्मीळ आहेत, मोलाच्या आहेत, पण त्यांत खाँसाहेब निम्मेच आहेत. कर्ण्याला तंबोरा ऐकू येत नसे. तंबोऱ्याविना करीम खाँ म्हणजे देवाविना गाभारा.

पुरे खाँसाहेब सापडतात ते त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. १९३०च्या दशकाच्या मध्यास, आयुष्याच्या अखेरच्या तीन-चार वर्षांत, त्यांनी ओडियन कंपनीसाठी पुष्कळ गाणी मुद्रित केली. आता विजेचा मायक्रोफोन आला होता. कुजबुजले तरी उमटत होते. भीमपलास, बसंत, गुजरी तोडी, मारवा, जोगिया, तिलंग, आणि ज्यांनी घराघरांत त्यांचे नाव नेले त्या झिंझोटीतल्या आणि भैरवीतल्या ठुमऱ्या. मराठी वाचकांना आवर्जून सांगायला हवे, की यांत खाडिलकरांच्या मानापमान नाटकातले देवगंधारातले पदही आहे. मैसूर दरबाराच्या सहवासाने त्यांच्या गाण्यात दाक्षिणात्य पद्धतीची सरगम शिरली होती, त्यागराजांची एक कृतीही त्यांनी तबकडीवर गायिली. उत्तरेचा गवई, मिरजेचा रहिवासी, मराठी पद, तेलुगू कृती, हे सारे त्यांच्या एका गळ्यात नांदत होते.

गदग गावातल्या दुकानात वाजणाऱ्या खाँसाहेबांच्या तबकडीने एका शाळकरी पोराला एवढे झपाटले, की तो गुरू शोधायला घर सोडून पळाला. तो पोरगा म्हणजे भीमसेन जोशी. खाँसाहेबांच्या शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे, त्याचा शोध थांबला. झिंझोटीतली तीच ठुमरी सैगल यांनी १९३५ साली देवदास चित्रपटात गायिली आणि ती पानाच्या ठेल्यांपर्यंत पोचली. म्हणूनच बाजारात या दोन ठुमऱ्यांना मागणी आणि म्हणूनच त्यांच्यात भेसळ अधिक.

ओडियन, कोलंबिया आणि कुत्रा छाप ग्रामोफोन कंपनी ही १९३१ नंतर एकाच मोठ्या कंपनीची भावंडे झाली होती. त्यामुळे ओडियनवर निघालेले खाँसाहेबांचे गाणे पुढे कोलंबियाच्या लेबलावरही निघाले. ही नक्कल नव्हे, कंपनीने मूळ साच्यावरूनच काढलेली पुढची छपाई. गाणे तेच, लेबल दुसरे. पण संग्राहकाच्या लेखी पहिली छपाई ती पहिली, कारण साचा जसजसा वापरला जातो तसतशी रेघ बोथट होते. ओळखायचे कसे? लेबल पाहून फसू नये, लेबल हा कपडा आहे. लेबल आणि रेघा यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर, उजेडात तिरके धरले तर, बारीक आकडे दिसतात. तो त्या मुद्रणाचा जन्मनंबर. लेबल कितीदाही बदलो, साचा तोच असेल तर तो आकडा बदलत नाही.

खरी नक्कल वेगळी. कुणीतरी जुनी तबकडी वाजवून तिच्यावरून दुसरी उतरवून घेतली, तर तिच्यात खरखरीखाली खरखर ऐकू येते. वरची खरखर तुमच्या सुईची, ती सुई उचलली की थांबते. खालची मात्र गाण्यातच मुरलेली असते, गवयाच्या श्वासाबरोबर येते. कान एकदा सरावले की पहिल्या दोन आवर्तनांत कळते. आणखी एक युक्ती अलीकडे दिसते. दोन पैशांच्या कुठल्याही झिजल्या तबकडीचे लेबल पाण्यात भिजवून काढायचे आणि तिथे खाँसाहेबांच्या नावाचे रंगीत छापील लेबल चिकटवायचे. विकणारा म्हणतो, वाजवून दाखवायला मशीन नाही. तेव्हा नख लावावे. अस्सल तबकडीत कागदाचे लेबल आणि गरम लाख साच्यात एकदमच दाबलेले असतात, त्यामुळे कागद लाखेत बसलेला असतो, नखाला कड लागत नाही. चिकटवलेल्या लेबलाची कड नखाला अडते. एका दुकानात मी नख लावले आणि मालकाने तबकडी माझ्या हातून काढून घेतली. दोघेही काही बोललो नाही. पुढच्या रविवारी त्याने मला स्वतःहून चांगली तबकडी काढून ठेवली होती. हाही उल्हासनगरचाच रिवाज.

तबकडी तडकलेली आहे का ते मडके घेताना पाहतो तसेच पाहायचे. मधल्या भोकात बोट घालून लटकवायची आणि हलकेच टिचकी मारायची. धड असेल तर खणकन वाजते, तडा असेल तर बद्द.

कायद्याने पाहिले तर खाँसाहेबांच्या मुद्रणांची साठ वर्षांची मुदत केव्हाच संपली. त्यांची प्रत काढणे हा आता गुन्हा नाही, आणि ती निघावीच, नाहीतर लाख फुटली की गाणे संपले. फसवणूक आहे ती प्रतीला मूळ म्हणून विकण्यात. पण मला त्याहून मोठा वाटणारा घोटाळा पैशांचा नाही, वेगाचा आहे. जुन्या तबकड्या सगळ्याच बरोबर ७८ फेऱ्यांनी कोरलेल्या नव्हत्या, पहिल्या काळातल्या तर मुळीच नव्हत्या. नंतर लाँगप्लेवर, कॅसेटवर, सीडीवर उतरवताना कुणी वेग तपासला, कुणी नाही. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो आणि सव्वातीन मिनिटांचे गाणे अकराएक सेकंदांनी आखडते. मुळातच उंच असलेला खाँसाहेबांचा आवाज मग चिरका होतो, आणि आजची मुले म्हणतात, हा कसला आवाज! श्रुतीच्या अंतरावरून ज्याने विद्वानांशी वाद घातला, त्या माणसाला आपण अर्धा स्वर चुकवून ऐकतो आणि वर नापासही करतो. उतरवणाऱ्यांनी खरखर पुसण्याच्या नादात तंबोराही पुसून टाकला, अशाही प्रती मी ऐकल्या आहेत. मूळ छपाई हवी ती कपाटात मिरवायला नाही. प्रत कुठे घसरली हे ताडून पाहायला ती हवी.

लेबलाची गोष्ट निघाली म्हणून त्या मिरजेच्या मुलीकडे वळतो. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. दोघांमध्ये काय बिनसले याची चर्चा पुष्कळ झाली आहे, ती मला करायची नाही. वेगळ्या झाल्या त्या दिवसापासून मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमान ते सुरेशबाबू माने झाले. चंपाकळी त्या हिराबाई बडोदेकर झाल्या, सकिना त्या सरस्वतीबाई राणे. ताराबाईंनी गाणे मात्र तोडले नाही. सुरेशबाबूंनी धाकट्या बहिणींना शिकवले, हिराबाईंना अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. त्याच हिराबाईंनी पुढे घरंदाज बाईने रंगमंचावर बसून, तिकीट लावून गाण्याची वाट मोकळी केली. १९७०मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. घराच्या पाटीवर माने होते, बडोदेकर होते, खाँ कुठेच नव्हते. आणि हिराबाईंची कुठलीही जुनी तबकडी लावा, पहिला षड्ज लागला की आतला नंबर दिसतोच.

बाप तिकडे एकटाच हिंडत राहिला. शिष्य होते, मानमरातब होता, मैसूरने दिलेली संगीतरत्न ही पदवी होती. दक्षिणेत त्यांचे जाणे वाढले होते. १९३७च्या ऑक्टोबरात ते मद्रासकडे गेले, आणि तिथून पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमाकडे गाडीने निघाले. वाटेत छातीत कळ आली. सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते शिष्यांसह उतरले. रात्रीची वेळ. फलाटावर बिछाना घालायला लावला, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारीच्या सुरात ईश्वराची प्रार्थना केली, असे त्यांच्या माणसांनी सांगून ठेवले आहे. तिथेच २७ ऑक्टोबरला त्यांनी देह ठेवला. देह मिरजेला आणला गेला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाला. दर वर्षी उरुसाला त्याच आवारात गवई हजेरी लावतात, मोठे गवईसुद्धा तिथे सेवा म्हणून गातात. शेजारच्या गल्लीत तंबोरे बनतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे अस्सल मिरजेचा तंबोरा कोणता हे आता कायद्याने ठरते.

माझ्याकडे आजघडीला खाँसाहेबांच्या ओडियन लेबलाच्या सात तबकड्या आहेत, कोलंबियाच्या अकरा. जोगियाची पहिली छपाई अजून मिळालेली नाही. कॅम्प तीनमधल्या एका भंगारवाल्याने दिवाळीनंतर एक पेटी येणार म्हणून सांगितले आहे.